मुक्या पट्ट्या

'पट्टी' या शब्दाशी आम्हां शिक्षकांचा जन्माचा संबंध. वहीत सरळ रेघ ओढायची ती पट्टी. एके काळी पाढा चुकणाऱ्याच्या तळहातावर उमटायची तीही पट्टी. आणि अर्थ न कळता परीक्षेपुरते पाठ करायचे ती घोकंपट्टी. यांपैकी दुसरी २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आमच्या हातून काढून घेतली, हे उत्तमच झाले. तिसरी मात्र कोणत्याही कायद्यास दाद देत नाही. आज आम्हांस लिहावयाचे आहे ते चौथ्या पट्टीविषयी, म्हणजे वाद्याच्या पट्टीविषयी. आणि तीही बोलक्या नव्हे, मुक्या.

निमित्त घरचेच आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या मातोश्री मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी आल्या. इंदूरच्या जुन्या वस्तीतले आमचे घर तीन खोल्यांचे. मातोश्रींना रात्री झोप नसे. डोळा लागला तर सायंकाळी लागे. आणि नेमकी तीच वेळ आमच्या कन्येच्या पेटीची. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि पेटीची परीक्षा चार महिन्यांवर आली होती. आम्ही मुख्याध्यापकी आवाजात फर्मान सोडले, "आजी बरी होईपर्यंत पेटी बंद!" पोरीने वाद घातला नाही. दोन-तीन दिवसांनी पाहतो तो ती पेटीपुढे बसलेली. पेटीचे खटके आत ढकललेले, भात्याला हात नाही, डावा हात मांडीवर. उजव्या हाताची बोटे मात्र पट्ट्यांवरून सराईतपणे धावताहेत. लाकडाच्या बारीक टकटकीखेरीज कसलाही आवाज नाही.

"हे काय गं?" आम्ही विचारले.

"बाबा, पेटी बंदच आहे. मी नुसती बोटं चालवतेय."

आम्हांस भारी कौतुक वाटले. आजीची झोपही मोडली नाही आणि रियाजही चुकला नाही! शाळेतील प्रार्थनेच्या वेळी मुलांना चिकाटीचे उदाहरण म्हणून आम्ही ही गोष्ट सांगितली, पाहुण्यांना सांगितली, भाजीवाल्यासही सोडले नाही. या कौतुकाचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच. पण आमच्या कन्येने जी युक्ती योजली, तिच्यासाठी युरोप-अमेरिकेत एके काळी खास यंत्रे बनत आणि विकली जात, हे आम्हांस तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे कुतूहलाने वाचत गेलो, तेव्हा त्या यंत्रांची मोठी मनोरंजक कथा हाती लागली.

एकोणिसाव्या शतकात पियानो हे पश्चिमेकडील सुखवस्तू घराचे भूषण होते. आपल्याकडे बैठकीत तंबोरा आणि तबलाजोडी असावी, तसा तेथे दिवाणखान्यात पियानो. मुलींना तर तो यावाच अशी अपेक्षा असे. पण पियानो हे मोठ्या आवाजाचे वाद्य. पट्टी दाबली की आतली लोकरीच्या नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, आणि तो नाद भिंतीपलीकडे जातो. त्यातून शिकण्याची रीत अशी की, गाण्याआधी बोटांचे पाठ. चेर्नी यांचे पाठ, पुढे १८७३ मध्ये निघालेले हानों यांचे पाठ: तीच पाच बोटे, तीच सुरावट, एकेक पट्टी पुढे सरकत वर जायचे आणि तसेच खाली यायचे. हे रोज तास-दोन तास ऐकणाऱ्या शेजाऱ्याचे काय होत असेल, याची कल्पना वाड्यात राहिलेल्या माणसास सहज करता येईल.

बोटांना यंत्राने वळण लावण्याची कल्पना याहून जुनी. जर्मनीत जन्मून आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या योहान बर्नहार्ड लोजिए यांनी १८१४ मध्ये 'कायरोप्लास्ट' नावाच्या साधनाचे पेटंट घेतले. पियानोच्या पट्ट्यांसमोर एक चौकट बसवायची. तिच्या दोन समांतर दांड्यांमध्ये मनगट अडकवायचे, म्हणजे ते वर-खाली होणार नाही. आणि प्रत्येक बोटासाठी एक खाचा, म्हणजे बोट आपली जागा सोडणार नाही. यात आवाज होता, पण हात मात्र शिस्तीच्या पिंजऱ्यात. लोजिए एकाच वेळी अनेक विद्यार्थ्यांस अनेक पियानोंवर शिकवीत. ही सामुदायिक पद्धत इतकी गाजली की १८२२ मध्ये प्रशियाच्या सरकारने त्यांना बर्लिनला बोलावून घेतले. एका वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यास लोजिए यांचा मोह का पडावा, हे सांगणे नकोच.

पुढची पायरी म्हणजे आवाजच काढून टाकणे. इंग्लंडमध्ये मायर मार्क्स यांनी 'डिजिटोरियम' काढले. हा 'मुका पियानो' वीतभर लांबीचाही नव्हता. जेमतेम सहा इंच लांब-रुंद पेटी आणि तिच्यावर फक्त पाच पट्ट्या. खाली कडक स्प्रिंगा असत, त्यामुळे पट्टी खऱ्या पियानोपेक्षा पुष्कळ जड लागे. आपल्याकडील तालमीतले जोर-बैठका जसे, तसा हा बोटांचा आखाडा. त्यात संगीत नव्हते, आणि तसा त्याचा दावाही नव्हता.

या कुळातले सर्वांत विचारपूर्वक घडवलेले यंत्र अमेरिकेत निघाले. आल्मन किनकेड व्हर्जिल या शिक्षकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत 'व्हर्जिल प्रॅक्टिस क्लेव्हियर' प्रचारात आणले आणि त्यावर आधारलेली शाळा न्यूयॉर्कमध्ये चालवली. दिसायला लहानसा पियानो. आत तारा नाहीत. पट्टी किती जड असावी, हे फिरवून कमी-जास्त करता येई. कोवळ्या बोटांना हलकी, तयार बोटांना जड. पण खरी खुबी वेगळीच होती. पट्टी खाली गेली की एक बारीक 'टक्' होई, आणि बोट उचलून ती वर आली की दुसरी. हवे तर हे आवाज बंदही करता येत.

या दोन टकटकींचा उपयोग काय? पियानोवर एका सुरातून दुसऱ्यात अखंड जायचे, तर दुसरी पट्टी खाली जाण्याचा क्षण आणि पहिली वर येण्याचा क्षण एकच असला पाहिजे. मध्ये फट पडली तर सूर तुटतो. दुसरी दाबल्यावरही पहिली सोडली नाही तर दोन सूर एकमेकांत कालवतात. खऱ्या पियानोवर ही बारीक चूक नादाच्या ओघात लपून जाते. व्हर्जिल यांच्या यंत्रावर ती लपत नसे. सूर नीट जोडला गेला तर दोन्ही टकटकी मिळून एकच ऐकू येई. चुकला तर दोन. विद्यार्थ्याची चूक त्याची त्यालाच दाखवणारे असे साधन आम्हांस शाळेसाठी मिळाले, तर आम्ही ते डोक्यावर घेऊन नाचू.

या यंत्राचे कैवारी म्हणत, तेच तेच पाठ शंभरदा ऐकून कान बधिर होतो आणि सुंदर रचनेचाही वीट येतो. तेव्हा कष्टाचे काम मुक्या पट्टीवर उरकावे आणि कान ताजा ठेवून मग खऱ्या वाद्याकडे जावे. शिवाय घरात शांतता. युक्तिवाद सहज खोडून काढावा असा नाही. आम्ही आमच्या मातोश्रींच्या बिछान्याशेजारी बसून नेमके हेच म्हणत होतो.

पण विरुद्ध बाजूही तोलामोलाची होती, आणि तिचा एक साक्षीदार फार मोठा. जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान यांना तरुणपणी पियानोवादक व्हायचे होते. लाइपझिगमध्ये फ्रीडरिख वीक यांच्याकडे ते शिकत. १८३० नंतरच्या एक-दोन वर्षांत त्यांच्या उजव्या हाताचे बोट निकामी होत गेले आणि वादक होण्याचे स्वप्न तेथेच संपले. त्यामागील कारणांविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण बोटे बळकट करण्यासाठी त्यांनी एक यांत्रिक साधन वापरले होते, हे नमूद आहे. पुढे रचनाकार म्हणून ते अमर झाले. १८५० मध्ये तरुण विद्यार्थ्यांसाठी त्यांनी जी नियमावली प्रसिद्ध केली, तीत या मुक्या पट्ट्यांचाही समाचार घेतला आहे. त्यांच्या सांगण्याचा आशय असा की, हवे तर वापरून पाहा, म्हणजे यातून काही साधत नाही हे तुमचे तुम्हांसच कळेल; बोलणे शिकायचे ते मुक्याकडून कसे शिकणार?

शूमान यांच्या बोलण्यातले मर्म पियानोच्या घडणीतच आहे. आपल्या पेटीत सुराचा लहान-मोठेपणा भात्याच्या वाऱ्यावर असतो. पट्टी हळू दाबली काय नि जोराने दाबली काय, फारसा फरक नाही. पियानोत भाता नाही. तेथे बोट ज्या वेगाने पट्टी खाली नेईल, त्या वेगाने हातोडी तारेवर आदळते, आणि नाद मृदू की कठोर हे तेथेच ठरते. म्हणजे बोटाचा गुरू कान. बोटाने काही करावे, कानाने ते तपासावे आणि पुढच्या क्षणी बोटास सुधारावे, असा हा अखंड संवाद असतो. मुकी पट्टी हा संवादच तोडते. व्हर्जिल यांच्या टकटकीने काळाची चूक कळे, पण नादाची कळत नसे. तबल्याचे बोल मांडीवर कितीही घोटता येतात. पण चाटेवरचा 'ना' स्वच्छ निघाला की नाही, हे सांगायला शाईचा तबलाच लागतो.

विसाव्या शतकात शिकवणाऱ्यांचे लक्ष निव्वळ बोटांच्या ताकदीवरून हटत गेले. लंडनचे टोबायस मॅथे यांनी १९०३ मध्ये स्पर्शक्रियेवर मोठा ग्रंथ लिहून पट्टीचा स्पर्श आणि निघणारा नाद यांचे नाते उलगडून दाखवले. मुकी यंत्रे हळूहळू अडगळीत गेली.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. तीन महिन्यांनी मातोश्री हिंडू-फिरू लागल्या आणि पेटीचे खटके पुन्हा बाहेर आले. गुरुजी घरी आले. कन्येने भीमपलास वाजवायला घेतला. बोटे अशी पळाली की आम्ही गुरुजींकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहिले. गुरुजींचा चेहरा मात्र उतरत चालला होता. भीमपलासात गंधार आणि निषाद कोमल. एका तानेत पोरगी दरवेळी शुद्ध निषाद दाबत होती. काळ्या पट्टीऐवजी शेजारची पांढरी. आवाजाविना तीन महिने तीच चूक तिने रोज वीस-पंचवीस वेळा मनोभावे गिरवली होती. ऐकू आली असती तर पहिल्याच दिवशी टोचली असती.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बोटं तयार आहेत, कान उपाशी आहेत."

त्या सत्रात त्यांनी तिला परीक्षेस बसू दिले नाही. पोर रात्री उशीत तोंड खुपसून रडली. नकळत झालेली चूक शिकायला तीन महिने लागले होते; ती विसरायला पाच लागले. आणि आम्ही? ज्या रियाजाचे कौतुक आम्ही गावभर करीत होतो, त्या रियाजाशेजारी एक दिवसही बसून, "बाळ, हे तू काय वाजवते आहेस ते जरा गुणगुणून दाखव," असे म्हटले नव्हते. बोटे हलताना दिसली, एवढ्यावर आमचे समाधान. वर्गात वही भरलेली दिसली की सही करून मोकळे होण्याची सवय, ती घरीही सुटली नव्हती.

त्यावर कळस मातोश्रींनी चढवला. नातीला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "पेटी बंद करायला सांगितलं कुणी? पडल्या पडल्या मी तीच ऐकायची वाट बघायचे." आम्ही म्हणालो, "तुझी झोप मोडेल म्हणून..." त्या म्हणाल्या, "मला विचारलं होतंस?" यावर मुख्याध्यापकांकडे उत्तर नव्हते.

तर मग शूमान खरे आणि व्हर्जिल खोटे, असे म्हणून विषय मिटवावा काय? प्रामाणिकपणे पाहिले तर तसे म्हणवत नाही. कॅनडाचे थोर पियानोवादक ग्लेन गूल्ड आपल्या किशोरवयातली आठवण सांगत. ते मोत्सार्टची एक रचना वाजवीत असता मोलकरणीने शेजारीच केर ओढण्याचे यंत्र सुरू केले. आपण वाजवलेले ऐकू येईनासे झाले. पण बोटांना जाणवणारे आणि मनात उमटणारे संगीत त्यांना अधिकच स्पष्ट वाटले. पुढे अवघड जागा सोडवताना ते मुद्दाम असा गोंगाट करून घेत. १९९५ मध्ये अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना पाच बोटांचा एक पाठ रोज दोन तास, असा पाच दिवस प्रत्यक्ष वाजवायला दिला. काहींना तेवढाच वेळ पट्ट्यांपुढे बसून, बोट न हलवता, तो मनात वाजवायला सांगितले. मेंदूतील बोटांच्या हालचालींशी निगडित भागात दोन्ही गटांत सारखेच बदल दिसले. मनात वाजवणाऱ्यांचे कौशल्य पाच दिवसांनी प्रत्यक्ष वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके झाले होते, आणि नंतरच्या दोन तासांच्या प्रत्यक्ष सरावाने त्यांनी उरलेले अंतरही भरून काढले.

या साऱ्यांहून मोठे उदाहरण मिगेल आंखेल एस्त्रेया यांचे. अर्जेंटिनाचे हे पियानोवादक गोरगरिबांच्या वस्त्यांत जाऊन वाजवीत. १९७७ च्या डिसेंबरात उरुग्वेच्या लष्करी राजवटीने त्यांना माँतेव्हिदेओ येथे पकडले आणि त्यांचा अनन्वित छळ केला. वादकाचे हात हेच त्या छळाचे लक्ष्य होते. पुढे ज्या तुरुंगात त्यांना ठेवले त्याचे नाव 'लिबेर्ताद', म्हणजे स्वातंत्र्य! नादिया बूलांझे, येहुदी मेनुहिन यांच्यासारख्या कलावंतांनी जगभर त्यांच्या सुटकेसाठी आवाज उठवला. त्या कोठडीत एस्त्रेया यांना सोबत होती ती आवाज नसलेल्या पट्ट्यांची. तिच्यावर ते रियाज करीत. पहारेकऱ्याला काही ऐकू येत नसे. वाजवणाऱ्याला मात्र सारे ऐकू येत होते. १९८० च्या फेब्रुवारीत ते सुटले, पुन्हा वाजवू लागले, आणि १९८२ मध्ये संगीतातून मानवी हक्कांचे काम करणारी एक संस्था त्यांनी उभारली. २०२२ मध्ये ते निवर्तले.

एस्त्रेया यांच्यासाठी बोलणारी पट्टी आणि आमच्या कन्येसाठी मुकी राहिलेली पट्टी, या दोहोंत फरक कशाचा? आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एस्त्रेया यांचा आड काठोकाठ भरलेला होता. आयुष्यभर ऐकलेले, वाजवलेले, जिवाशी धरलेले संगीत त्यांच्या आत होते; मुक्या पट्टीने फक्त पोहरा खाली सोडला. बारा वर्षांच्या मुलीचा आड अजून भरायचा होता, आणि आम्ही तिच्या हाती नुसता पोहरा देऊन निघून गेलो. मुकी पट्टी शिकवीत नाही, शिकलेले राखते.

गुरुजींनी उपाय सांगितला तो चार शब्दांचा: "आधी गा, मग वाजव." प्रत्येक तान आधी गळ्यातून, निदान ओठांतल्या ओठांत, मग पट्टीवर. तेव्हापासून रात्री उशिरा खटके बंद करून बसली तरी कन्या गुणगुणत असते. चुकीची पट्टी दाबली की तिची तीच थांबते. तीच मुकी पेटी आता तिच्याशी बोलते.

आताशा या यंत्रांची गरज उरलेली नाही. १९९३ मध्ये यामाहा कंपनीने असा पियानो आणला की त्याची हातोडी तारेपर्यंत पोहोचूच द्यायची नाही. सूर फक्त वाजवणाऱ्याच्या कानांवरील हेडफोनमध्ये उमटतो. शेजारी सुखी, कानही उपाशी नाही. व्हर्जिल आणि शूमान यांचे भांडण असे शंभर वर्षांनी मिटले.

परंतु मुक्या पट्ट्या आपल्या घरांतून गेल्या आहेत असे मात्र आम्हांस वाटत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, कोठेही पाहा. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिलेली आपली कुटुंबे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण नातवंडांच्या हाती मराठी बाराखडीचे पुस्तक देतो. ती बिचारी क, का, कि, की गिरवतात, पाने भरतात. आपण पाने पाहून समाधान पावतो, आणि लगेच त्यांच्याशी हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागतो. बोटे तयार होतात. कान उपाशी राहतात. आजीची गोष्ट, आत्याचे रागावणे, जेवताना आजोबांनी सांगितलेला जुना किस्सा, ही भाषा जर कानी पडलीच नाही, तर अक्षरे गिरवून ती आडात कोठून यावी? जेथे शाळेत मराठी नाही, तेथे ती घरात तरी मोठ्याने बोलली जावी, एवढेच आमचे मागणे आहे. चुकली तर चुकू द्या. ऐकू आली म्हणजे सुधारता येते.

हा मजकूर लिहीत असता सायंकाळ झाली आहे. पलीकडच्या खोलीत पेटी सुरू आहे, मातोश्री नातीला कसली तरी फर्माईश करीत आहेत, आणि आमच्यापुढे तपासायच्या उत्तरपत्रिकांचा ढीग पडला आहे. गोंगाट होतो आहे खरा. होऊ द्यावा.